द्राख्मा ते दाम : नाणे आणि त्याची वही

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



‘एक छदामही मिळणार नाही’ असे ठणकावताना किंवा दामदुपटीचा हिशेब मांडताना मराठी माणसाच्या मनात ग्रीस देशाचा विचार येण्याचे काही कारण नाही. तरीही या शब्दांतला ‘दाम’ मूळचा ग्रीक आहे. प्राचीन ग्रीकांच्या चांदीच्या नाण्याचे नाव द्राख्मा. भारतात आल्यावर त्याचा ‘द्रम्म’ झाला. शिलाहार आणि यादव राजांच्या काळातील लेखांत द्रम्मांच्या देण्याघेण्याचे उल्लेख येतात. पुढे उच्चार झिजत जाऊन द्रम्माचा दाम झाला आणि अकबराच्या काळी तांब्याच्या नाण्याला हेच नाव होते. ज्यांनी हे नाणे प्रथम पाडले त्यांची राज्ये लयाला गेली, नाणी मातीआड झाली. शब्द मात्र आपल्या बाजारात आणि आपल्या म्हणींत आजही चालतो आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय प्राचीन ग्रीक नाण्यांचा संग्रह हा आहे. चांदीची आणि कांस्याची ही नाणी जगभर हौसेने जमवली जातात. कोणी त्यांतील शिल्पकलेवर लुब्ध होतो, कोणी त्यांच्या वयावर, तर कोणी त्यांच्या किमतीवर. परंतु नाणे जमवणे म्हणजे नेमके काय जमवणे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम ग्रीसमध्ये आणि मग आपल्याच भूमीवर यावे लागते.

नाणे पाडण्याची प्रथा इसवी सनापूर्वी सातव्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील लिडिया राज्यात आणि शेजारच्या ग्रीक नगरांत सुरू झाली. पहिली नाणी सोने आणि चांदी यांच्या मिश्रधातूची होती. ग्रीक नगरांनी पुढे चांदी पत्करली. त्यापूर्वीच्या व्यवहारात लोखंडी सळ्या वापरल्या जात असत, असे ग्रीक परंपरा सांगते. सळीला ग्रीक भाषेत जो शब्द होता त्यावरून ओबोल हे लहान नाण्याचे नाव पडले. आणि मुठीत मावणाऱ्या सहा सळ्यांची जी जुडी, ती द्राख्मा. द्राख्मा या शब्दाचा मूळ अर्थच ‘मूठभर’ असा आहे. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिराच्या उत्खननात लोखंडी सळ्यांची अशी एक जुडी खरोखरच मिळाली. सळ्या गेल्या, पण सहा ओबोलांचा एक द्राख्मा हे कोष्टक कायम राहिले.

ग्रीक नाण्यांत सर्वांत प्रसिद्ध नाणे अथेन्सचे. ते चार द्राख्म्यांचे, वजनाला सुमारे १७ ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचा पक्षी घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची तीन अक्षरे. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानणारेही आहेत आणि लक्ष्मीचे वाहन म्हणून त्याला नमस्कार करणारेही; अथेन्समध्ये मात्र लोक नाण्यालाच ‘घुबड’ म्हणत. त्याची चांदी अथेन्सच्या दक्षिणेस असलेल्या लॉरियॉनच्या खाणींतून येई. इ. स. पू. ४८३च्या सुमारास तेथे मोठा साठा लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार चालू असताना थेमिस्टोक्लिसने तिच्यातून युद्धनौका बांधण्याचा आग्रह धरला. तीन वर्षांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या बलाढ्य आरमाराचा पराभव झाला, तो या नौकांच्या बळावर. त्या खाणींत राबणारे बहुसंख्य लोक गुलाम होते, हेही त्या नाण्याकडे पाहताना विसरता येत नाही.

नाण्याचे मोल समजायचे तर मजुरी पाहावी. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील एरेक्थेऑन या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले उपलब्ध आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथे कारागिराला दिवसाकाठी एक द्राख्मा मिळत असे. म्हणजे आज काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेले चार द्राख्म्यांचे घुबड हा एका गवंड्याचा चार दिवसांचा घाम होता.

नाणे पाडण्याची रीत साधी आणि कष्टाची होती. ऐरणीत एक ठसा बसवायचा, त्यावर वजन करून घेतलेली धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. घाव जरा तिरका पडला की देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर जाई. म्हणूनच एकाच ठशाची दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. ठसा कोरणारे कारागीर बहुधा अनामिक राहिले. सिसिलीतील सिराक्यूज नगरात मात्र किमोन आणि युऐनेटोस यांच्यासारख्या कलावंतांनी इवल्याशा अक्षरांत आपली नावे कोरून ठेवली. त्यांची दहा द्राख्म्यांची नाणी आजही संग्राहकांच्या स्वप्नात असतात.

चांदी आली तसे खोटे नाणेही आले. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा, ही फसवणूक फार जुनी आहे. इ. स. पू. ३७५च्या सुमारास अथेन्सने याविषयी एक कायदा केला. तो कोरलेला दगड १९७० साली तेथील जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडला. त्यानुसार बाजारात सराफांच्या पेढ्यांमध्ये एक नाणेपारखी बसवलेला असे. हा पारखी स्वतः नगराच्या मालकीचा गुलाम होता. त्याने खरे ठरवलेले नाणे व्यापाऱ्याला नाकारता येत नसे. खोटे निघाले तर ते तेथेच कापायचे आणि देवमातेच्या मंदिरात जमा करायचे. पारख्याने कामात कुचराई केली तर त्याला पन्नास फटके. ज्याला स्वतःचे स्वातंत्र्य नव्हते त्याच्या नजरेवर साऱ्या नगराची पत अवलंबून होती.

कांस्याची नाणी त्या मानाने गरीब. त्यांचा जन्म अडचणीतून झाला. चांदीचे पाव ओबोलाचे नाणे तांदळाच्या काही दाण्यांएवढे असे. ते हरवू नये म्हणून लोक गालात धरून बाजारात जात आणि अरिस्टोफेनीसने आपल्या प्रहसनांत त्याची थट्टा केली आहे. रोजची भाजी, मासळी, तेल यांसाठी मोठे पण स्वस्त नाणे हवे होते. ते इ. स. पू. पाचव्या शतकात प्रथम सिसिली आणि दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांनी कांस्यात काढले. पुढे सर्वत्र त्याचा प्रसार झाला.

संग्राहकाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा भेद आहे. चांदी ही कोठेही चांदीच असते. त्यामुळे अथेन्सचे घुबड इजिप्तमध्येही सापडते आणि अफगाणिस्तानातही. कांस्याच्या नाण्याची किंमत मात्र त्याच्या धातूत कमी आणि ते काढणाऱ्या नगराच्या शब्दात अधिक असते. वेशीबाहेर त्याला फारसे कोणी विचारत नाही. म्हणून कांस्याची नाणी बहुधा आपल्या गावाच्या आसपासच फिरतात आणि तेथेच हरवतात. एखाद्या पडक्या गावात एकाच राजाची तांब्या-कांस्याची नाणी विपुल मिळाली, तर तो राजा तेथे नांदला असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. चांदीच्या नाण्यावरून तसे म्हणणे धोक्याचे ठरते. याचाच दुसरा अर्थ असा की, कांस्याच्या नाण्याचे सर्वांत मोठे धन म्हणजे ते कोठे सापडले याची नोंद. ती नोंद हरवली की बाजारात त्याची किंमत फारशी बदलत नाही; इतिहासासाठी मात्र त्याचा बहुतेक अर्थ निघून जातो.

जुनी नाणी जमवण्याचा छंद मोठ्या माणसांचा आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस सणाच्या भेटींत पुरातन राजांची आणि परदेशी नाणी देत असे, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेट्रार्क याला शेतकरी नांगरताना मिळालेली रोमन नाणी आणून देत. छंद वाढला तसे त्याचे शत्रूही वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल बेकर या जर्मन गृहस्थाने ग्रीक आणि रोमन नाण्यांचे असे हुबेहूब ठसे कोरले की भले भले जाणकार फसले. नव्या नाण्यांना जुनेपण यावे म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून डबी गाडीच्या आसाशी बांधी आणि फिरायला निघे, अशी कथा आहे. आज त्याची खोटी नाणीही संग्राहक जमवतात.

आता ग्रीसमधून निघून आपल्या परिसरात यायचे आहे. आणि त्यासाठी कल्पनेची उडी मारण्याची गरज नाही. वडोदऱ्याहून भरूच काही फार लांब नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात भरूचचा उल्लेख बॅरिगाझा असा येतो. त्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची, ग्रीक अक्षरे असलेली जुनी द्राख्मा नाणी अजून चालतात, असे तो नोंदवतो. हे राजे होऊन तेव्हा दोनशे वर्षे लोटली होती. नर्मदेकाठच्या दुकानदारांच्या हातांतून ग्रीक अक्षरे फिरत होती, याचा हा समकालीन पुरावा.

हे राजे कोण होते? अलेक्झांडरनंतर मध्य आशियातील बॅक्ट्रियात ग्रीकांचे एक स्वतंत्र राज्य झाले आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यातील राजे हिंदुकुश ओलांडून गांधार-पंजाबात आले. पाली साहित्यातील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातला मिलिंद तो हाच मिनँडर. बॅक्ट्रिया आणि भारत मिळून चाळीसच्या आसपास ग्रीक राजे होऊन गेले. प्राचीन ग्रंथांत त्यांतल्या जेमतेम सात-आठ जणांची नावे येतात. उरलेल्यांचे अस्तित्व आपल्याला केवळ नाण्यांमुळे कळले. कागदावर, दगडावर, कोणाच्याही स्मरणात न उरलेला राजा एका चकतीवर उरला.

ही नाणी दिसायलाही आपल्याकडची आहेत. मिनँडरच्या चांदीच्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक लिपीत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, म्हणजे ‘त्राता राजा मिनँडर याचे’, असे शब्द आहेत. दुसऱ्या बाजूला तोच मजकूर खरोष्ठी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. ‘त्राता’ हा शब्द मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. वजनही बदलले होते. ग्रीसच्या चार ग्रॅमांहून अधिक वजनाच्या द्राख्म्याऐवजी येथे सुमारे अडीच ग्रॅमचे हलके नाणे निघाले. आणि भारतीय आहत नाण्यांच्या सवयीला धरून चौकोनी नाणीही निघाली. अपोलोडोटसच्या चौकोनी चांदीच्या नाण्यावर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आहे. परक्या राजाला प्रजेशी व्यवहार करायचा होता, म्हणून त्याने प्रजेची भाषा, प्रजेचे वजन आणि प्रजेचे प्राणी आपल्या नाण्यावर घेतले.

हे नाणे वाचले गेले त्याची कथा एका संग्राहकाची आहे. जेम्स लुइस नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातील शिपाई १८२७ साली पलटण सोडून पळाला. चार्ल्स मॅसन हे नवे नाव धारण करून तो पायी हिंडत काबूलला पोहोचला. १८३३ साली काबूलच्या उत्तरेस बेग्रामच्या मैदानात त्याने पाहिले की आसपासचे लोक तेथून हजारो जुनी तांब्याची नाणी वेचतात आणि ती तांबटांना किंवा काबूलच्या टांकसाळीला वितळवण्यासाठी विकतात. किती पिढ्या हे चालले होते कोण जाणे. चाळीस राजांचा इतिहास हंडे-पातेल्यांत आटत होता.

मॅसनने ती नाणी विकत घ्यायला सुरुवात केली. कच्छच्या दरबारी असलेले कंपनीचे रेसिडेंट पॉटिंजर यांच्या शिफारशीने मुंबई सरकारने त्याच्या कामाला पैसे दिले. पण मॅसनचे मोठेपण विकत घेण्यात नव्हते. ते त्याच्या टिपणांत होते. कोणत्या हंगामात कोणत्या राजाची किती नाणी मिळाली, कोणत्या स्तूपात कोणत्या वस्तूबरोबर कोणते नाणे होते, याचे तक्ते आणि रेखाटने त्याने केली. झिजलेले, कोणी ढुंकूनही पाहणार नाही असे नाणेही त्याने मोजले. दोन्ही बाजूंचे लेख शेजारी ठेवून पाहताना त्याच्या ध्यानात आले की, मिनँडर, अपोलोडोटस आणि हर्मियस ही नावे व ‘राजा’ आणि ‘त्राता’ ही बिरुदे जेथे जेथे ग्रीकमध्ये येतात, तेथे तेथे मागच्या बाजूला ठरावीक अनोळखी चिन्हे येतात. ही गोष्ट त्याने कोलकात्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप यांना कळवली. प्रिन्सेपनी ती पडताळून पाहिली आणि त्या धाग्याने खरोष्ठी लिपी उलगडू लागली. १८३६ साली लासेन या विद्वानाने अगाथोक्लिस राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे ग्रीक नावाच्या आधाराने वाचली. आणि पुढच्याच वर्षी प्रिन्सेपनी सांचीच्या दानलेखांवरून ब्राह्मीची उकल पुरी केली. अशोकाचे शिलालेख त्यानंतर बोलू लागले. एका पळपुट्या शिपायाच्या वहीचा या साऱ्यात वाटा आहे.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी अगाथोक्लिस पुन्हा भेटला. अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवर, अमुदर्या नदीकाठी, ऐ-खानुम येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी एक संपूर्ण ग्रीक नगर उकरून काढले. १९७० साली तेथील राजवाड्यात शेकडो भारतीय आहत नाण्यांच्या संगतीत अगाथोक्लिसची सहा चौकोनी चांदीची नाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूला ग्रीक लेख आणि हाती नांगर व मुसळ घेतलेला बलराम. दुसऱ्या बाजूला ‘रजने अगथुक्लेयस’ हा ब्राह्मी लेख आणि हाती चक्र घेतलेला वासुदेव कृष्ण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभीची ही नाणी या दोन देवतांच्या सर्वांत जुन्या प्रतिमांत गणली जातात. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसालाही त्यांच्यापुढे क्षणभर थांबावेसे वाटेल.

ही सहा नाणी बाजारात सुटी आली असती तर? इतके अद्भुत नाणे पाहून पहिली शंका खोटेपणाचीच आली असती. ती उत्खननात, ठरावीक खोलीत, ठरावीक नाण्यांच्या सोबत, जाणकारांच्या डोळ्यांसमोर मिळाली म्हणून त्यांच्या साक्षीला वजन आले.

याच्या उलट घडले ते अफगाणिस्तानातीलच मीर झका या खेड्यात. तेथील जुन्या विहिरीच्या तळाशी १९४७ साली हजारो नाणी मिळाली होती; त्यांचा अभ्यासही झाला. १९९२च्या सुमारास त्याच ठिकाणी पुन्हा नाणी निघू लागली. देश यादवीत होरपळत होता. या दुसऱ्या सापड्याचा अंदाज तीन-चार टनांचा, म्हणजे पाच लाखांहून अधिक नाण्यांचा केला जातो. ती पोत्यांत भरून पेशावरच्या बाजारात गेली आणि तेथून जगभर पांगली. कोणत्या राजाचे नाणे कोणाच्या सोबत होते, सर्वांत शेवटचे कोणते, कोणाची किती, हे आता कधीही कळणार नाही. ज्या राजांना नाण्यांखेरीज दुसरा साक्षीदार नाही, त्यांची साक्ष नोंदवून घेण्याआधीच साक्षीदार विखुरले. त्यांतील एखादे नाणे आज कोणा सज्जनाच्या संग्रहात असेल, त्याने रास्त किंमत मोजली असेल आणि त्याला यातले काही ठाऊकही नसेल. खणणारा भुकेला होता, दलाल लोभी होता, घेणारा हौशी होता. तिघांच्या हातून मिळून इतिहासाचे एक पान फाटले. म्हणूनच प्रामाणिक संग्राहक नाण्याच्या सौंदर्याआधी त्याचा ठावठिकाणा विचारतो आणि विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर हात आवरता घेतो.

ग्रीक अक्षरे महाराष्ट्रापर्यंतही पोहोचली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपान या क्षत्रपाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीसोबत ग्रीक अक्षरेही आहेत. ग्रीक जाणणारे कारागीर उरले नव्हते, त्यामुळे पुढे पुढे ती अक्षरे नुसती नक्षी होत गेली. यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. सातवाहनांच्या त्या विजयाचा हा हाती धरता येणारा पुरावा. पण तो पुरावा झाला तो ठेवा एकत्र हाती आला आणि मोजला गेला म्हणून. तीच नाणी एकेक करून सोनाराकडे गेली असती, तर काही किलो चांदीपलीकडे काही उरले नसते.

संग्रहाची आवड असलेल्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना मडके लागले, तर ते जसेच्या तसे ठेवून प्रथम कळवावे.

नाणे स्वच्छ करण्याचा मोह तर सर्वांत घातक. चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश लावून देवाच्या भांड्यांप्रमाणे नाणे लखलखीत करणाऱ्यांनी काळाच्या हातून वाचलेले तपशील आपल्या हाताने पुसले आहेत. कांस्यावरचा गडद हिरवा थर हे नाण्याचे कवच आहे. ते राहू द्यावे. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली तर तो रोग समजावा. क्षार आणि दमट हवा यांमुळे तो होतो आणि नाणे आतून खातो. असे नाणे वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. नाणे नेहमी कडेला धरावे. कडेवर शिवण दिसली, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, अक्षरे साबणासारखी गुळगुळीत वाटली, तर ते ठशाने न पाडता साच्यात ओतलेले असण्याचा संभव असतो.

आणि ज्याला ग्रीक नाणे विकत घेणे शक्य नाही किंवा इष्ट वाटत नाही, त्याने खंत करू नये. मोठ्या संग्रहालयांनी आपली नाणी छायाचित्रे, वजन आणि सापडण्याच्या ठिकाणासह सर्वांसाठी खुली केली आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. प्लास्टरचे ठसे घेऊनही वर्गात दोन लिप्यांचे नाणे शिकवता येते. मालकी हा संग्रहाचा एक भाग झाला. वाचन हा मोठा भाग.

या सभागृहातील अनेकांच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या पितळी डब्यात किंवा जुन्या बटव्यात काही नाणी असतील. त्यांत ग्रीक नाणे असण्याचा संभव नाही. संस्थानी पैसा असेल, गायकवाडी नाणे असेल, शिवराई असेल, राणीछाप रुपया असेल. त्यांच्यासाठीही नियम तोच. कोकणातून, खानदेशातून किंवा देशावरून आपली कुटुंबे या गुजराती मुलखात आली, तेव्हा ती नाणी कोणासोबत आली, कोणाच्या लग्नात मिळाली, कोणत्या नोकरीच्या पहिल्या पगारातली होती, हे घरातील एखाद्याच वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक असते. ते माणूस असेपर्यंत ते नाणे बोलते. त्यानंतर सराफ फक्त वजन सांगतो.

म्हणून आज घरी गेल्यावर मुलांच्या हाती नाणे देण्यापूर्वी एक वही द्यावी. तिच्यात पाच रकाने आखावेत : नाणे कोणते, वजन किती, दोन्ही बाजूंना काय आहे, कोणाकडून आले आणि कोठून आले. लेखन मराठीत करावे. शेजारी गुजरातीत केले तरी उत्तम. मिनँडरने दोन भाषा एका नाण्यावर मावतात हे दाखवून दिले आहे आणि या शाळेची मुले साठ वर्षे तेच करीत आली आहेत. शेवटचे दोन रकाने मुलांना स्वतः भरता येणार नाहीत. त्यासाठी त्यांना आजी-आजोबांजवळ बसावे लागेल. ते आज-उद्यातच व्हावे, एवढीच विनंती.